अंगावर पाजताना दम्याचा पंप आणि गोळ्या घेतल्या तर चालतात का? मदत हवी आहे

मुलगी अडीच महिन्यांची आहे, फक्त अंगावरच पिते. मला लहानपणापासून दमा. गरोदरपणातही ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप सकाळ-संध्याकाळ घेत होते, डॉक्टरांनीच चालू ठेवायला सांगितलं होतं. आता मात्र घरी सगळ्यांचं एकच पालुपद, "औषध दुधात उतरतं, बंद कर." अजून बंद केलेला नाही, पण पंप हातात घेतला की मन कचरतं.

काल पहाटे तिला पाजतानाच छातीत घरघर सुरू झाली. मला धाप लागली तशी ती दूध सोडून रडायला लागली. डॉक्टरांनी पाच दिवस प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडच्या गोळ्या) दिलंय, 30 मिलिग्रॅम, सकाळी एकदम. गडबडीत पाजण्याबद्दल विचारायचं राहून गेलं. एवढे दिवस वरचं दूध द्यावं लागेल का? घरात थिओफिलिनच्या जुन्या गोळ्याही आहेत, त्या जास्त सुरक्षित असतात का? कुणाला नीट माहिती असेल तर कृपया सांगा, फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद:
ताई, मी फार्मासिस्ट आहे. पंप अजिबात बंद करू नका. त्यातलं औषध थेट फुफ्फुसात जातं आणि डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. रक्तात थोडं उतरतं, दुधात त्याहूनही कमी. पंप घेऊन लगेच पाजलंत तरी चालेल. धाप लागल्यावर लगेच आराम मिळावा म्हणून घेतात त्या सॅल्ब्युटामॉलच्या पंपाचंही तसंच.

प्रेडनिसोलोन दुधात फार थोडं जातं. तुमच्या डोसला आणि एवढ्या दिवसांसाठी पाजणं थांबवत नाहीत. डोस बराच मोठा असेल तर गोळीनंतर तीन-चार तास थांबून पाजायला सांगतात, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. डॉक्टरांना एक फोन करून बाळ अंगावर पितं एवढं सांगा आणि गोळ्या आजच सुरू करा.

थिओफिलिन मात्र आपल्या मनाने घेऊ नका. ते कॅफिनच्या जातीचं आहे, दुधात उतरतं, आणि इतक्या लहान बाळाच्या अंगातून लवकर बाहेर पडत नाही. बाळ किरकिरं होतं, झोपत नाही.

खरा धोका अंगावर काढलेल्या दम्याचा आहे. सॅल्ब्युटामॉल घेऊनही आराम पडला नाही, एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर बाळाला दुसऱ्या कुणाकडे देऊन तडक हॉस्पिटल गाठा.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. डॉक्टरांशी आत्ताच बोलले, त्यांनीही पाजत राहा म्हणून सांगितलं. पहिली गोळी घेतली. तुमचा प्रतिसाद सासूबाईंनाही वाचून दाखवते.