शुक्रवारचं आंबट

‘लोकांना हवं तेच सिनेमा इंडस्ट्री देते’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १९७५चा ‘जय संतोषी माँ’ घ्या. ‘शोले’च्याच वर्षीचा, अगदी कमी बजेटचा, तरी तुफान चालला. लोक थिएटरात चपला काढून बसायचे, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायचे. संतोषी मातेचं शुक्रवारचं व्रत आधीही होतं, पण मुख्यतः उत्तरेत, पातळ पोथ्यांमधून पसरलेलं. सिनेमाने देवीला चेहरा दिला आणि उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती. ती तर आजही लाउडस्पीकरवर लागते.

आमच्याकडे श्रावणातला शुक्रवार जिवतीचा. पुरण, कटाची आमटी ठरलेली. काकूने संतोषी मातेचे सोळा शुक्रवार धरले, त्यात आंबट वर्ज्य, आणि आमटीत चिंच घालायची की नाही यावरून आजीशी तिची जुंपली! शेवटी दोन पातेली चढली. काकूच्या आमटीला चव नसायची, पण व्रताच्या प्रसादाच्या गूळ-चण्यांच्या आशेने आम्ही पोरं तिच्या बाजूने.

आता ही मागणी आधी होती की सिनेमाने तयार केली? आजीला विचाराल तर तिच्या मते सगळा दोष थिएटरवाल्याचा.