प्रति: कागद निवडताना आकडा बघायचा की प्रिंट?

फोटो छापायला दोन कागदांतला कोणता घ्यावा या तुमच्या प्रश्नावर, ज्याचा डीमॅक्स (छापलेला काळा किती गडद आहे याचा मोजलेला आकडा) जास्त तोच कागद घ्या, असं वर लिहिलंय ते मला अर्धंच पटतं. मॅट (बिनचकाकीच्या) कॉटन कागदावर काळा साधारण १.६-१.७ पर्यंत जातो, चकाकी असलेल्या बरायटा कागदावर २.२ च्याही पुढे, म्हणजे आकड्यात बरायटा जिंकणारच, पण स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग आणि गडदपणा मोजणारा मीटर) ४५ अंशातून उजेड टाकून सरळ वरून वाचतो, चकाकी तो मुद्दाम टाळतो, आणि आपण भिंतीवरची प्रिंट बघतो तेव्हा समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब नेमकं त्याच काळ्यावर पडतं! अशा खोलीत फोटो रॅग ३०८ सारखा मॅट कागद मला जास्त खोल वाटतो. शिवाय सावल्यांमधले टोन वेगळे दिसतात का हे एकट्या डीमॅक्सवरून कळतच नाही, त्यासाठी करड्या पायऱ्यांची पट्टी छापून सगळ्या पायऱ्या मोजायला हव्यात.

पांढऱ्याच्या बाबतीत मात्र मी मीटरचंच ऐकेन. ब्राइटनरवाला (यूव्ही शोषून कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन घातलेला) कागद दिवसाच्या उजेडात झकास पांढरा दिसतो, यूव्ही नसलेल्या एलईडीखाली तोच पिवळसर होतो, पण डोळा लगेच सरावतो त्यामुळे लक्षातच येत नाही. कोऱ्या कागदाचा बी* (निळसर-पिवळसरपणाचा आकडा) एम१ (यूव्हीसकट उजेड) आणि एम२ (यूव्ही गाळलेला उजेड) या मीटरच्या दोन्ही पद्धतींत मोजा, फरक मोठा आला तर ब्राइटनर भरपूर आहे समजा. तुमच्या दोन्ही कागदांचे हे आकडे टाका ना इथे, आणि प्रिंट काचेमागे लावणार की उघडी तेही सांगा.