यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात आरोपपत्राला सरसकट १८० दिवस?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): कळव्याच्या अभ्यासवर्गात यावरून वाद झाला. नेमकं काय?

उत्तर : नाही हो, मूळ मुदत ९० दिवसच. ती १८० दिवसांपर्यंत वाढवून घ्यायची तर तपास कुठवर आलाय आणि कोठडी अजून का हवी, याचा अहवाल सरकारी वकिलाने द्यायचा असतो. नुसता तपास अधिकाऱ्याचा अर्ज पुरत नाही. मुदतवाढ नाही, आरोपपत्र नाही आणि ९१व्या दिवशी आरोपीचा अर्ज आला, तर जामीन द्यावाच लागतो. दहशतवादाचे गंभीर खटलेही असे तारखेत घसरतात, हे फार वाईट.

उत्तर : खरी गोम याच कायद्याच्या कलम ४३ड(५)ची. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन बंद.

उत्तर : कायमचा नाही. खटला लांबत राहिला तर घटनात्मक न्यायालयं (उच्च आणि सर्वोच्च न्यायालय) जामीन देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय.