उत्सवाची छायाचित्रे कॅमेऱ्यातून मोबाइलवर आणण्याविषयी ग्रुपवरील चर्चा

ब-३०४ : सर्वांना नमस्कार. विसर्जनाच्या दिवशी मी कॅमेऱ्याने सुमारे दोनशे छायाचित्रे काढली असून ती सर्वांपर्यंत पोहोचवावीत, अशी मनापासून इच्छा आहे. मात्र कॅमेरा आणि मोबाइल वायफायने जोडले की मिनिटभरात जोडणी तुटते. काल रात्री दीड तासात केवळ सात छायाचित्रे मोबाइलवर आली. घरातील राउटर दोनदा बंद करून चालू केला, तरी फरक पडला नाही. कोणी मार्गदर्शन करू शकेल का?

क-२०१ : ताई, राउटरचा येथे काहीही संबंध नाही. या पद्धतीत कॅमेरा स्वतःचेच एक छोटे वायफाय निर्माण करतो आणि आपला मोबाइल त्याला जोडला जातो. छायाचित्रे थेट एका उपकरणातून दुसऱ्यात जातात, त्यासाठी इंटरनेट लागतच नाही. अडचण नेमकी येथेच उद्भवते. या वायफायवर इंटरनेट नाही हे मोबाइलच्या लक्षात येते आणि तो आपल्या सोयीसाठी म्हणून मोबाइल डेटाकडे किंवा घरच्या वायफायकडे परत वळतो. त्या वेळी पडद्यावर ‘इंटरनेट उपलब्ध नाही, तरीही जोडलेले राहायचे का’ अशा अर्थाची सूचना येते, ती बहुतेक जण न वाचताच बाजूला सारतात. तेथे ‘होय’ म्हणावे. मी स्वतः आणखी सोपा मार्ग वापरतो : आधी विमान मोड चालू करायचा, मग केवळ वायफाय चालू करून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारे नाव व पासवर्ड वापरून जोडणी करायची. माझ्या कॅनन १५००डी कॅमेऱ्यावर कॅमेरा कनेक्ट हे कॅननचे ॲप मी याच रीतीने वापरत आलो आहे. कॅमेरा काही वेळाने आपोआप बंद होण्याची जी वेळ ठरवलेली असते तीही वाढवून ठेवा आणि बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, कारण वायफाय चालू असताना ती लवकर उतरते.

अ-४०२ : माझ्या मोबाइलवर असे ॲप घेतले तेव्हा त्याने माझे ठिकाण जाणून घेण्याची परवानगी मागितली. छायाचित्रे घेण्यासाठी आमचा ठावठिकाणा कशाला हवा, असे वाटून मी नकार दिला. त्यात माझी चूक झाली का?

क-२०१ : काका, आपली शंका अगदी रास्त आहे. आसपासची वायफाय आणि ब्लूटूथ उपकरणे कोणती, यावरून माणसाचे ठिकाण ओळखता येते. म्हणून अँड्रॉइडने अशा शोधालाच ठिकाणाच्या परवानगीची अट घातली. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथच्या शोधासाठी ‘जवळपासची उपकरणे’ अशी निराळी परवानगी आली आहे. आयफोनवर २०२० पासून ‘स्थानिक नेटवर्क’ची परवानगी मागितली जाते आणि ती नाकारली असेल तर कॅमेरा समोर असूनही ॲपला दिसत नाही. ठिकाणाची परवानगी देताना ‘केवळ ॲप वापरताना’ हा पर्याय निवडावा, म्हणजे काम होते आणि मनही निश्चिंत राहते.

अ-१०३ : माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे. त्यात वायफायचा पर्याय मला कोठेच सापडत नाही. निकॉनच्या स्नॅपब्रिज ॲपवर छायाचित्रे आपोआप येतात, त्यातीलच आजींचे आरतीचे छायाचित्र मी येथे टाकले होते.

क-२०१ : दादा, तो पर्याय सापडणार नाही, कारण त्या कॅमेऱ्यात वायफाय नाहीच, केवळ ब्लूटूथ आहे. माझ्या १५००डीमध्ये नेमके उलट आहे, वायफाय आहे पण ब्लूटूथ नाही, आणि हे दोन्ही कॅमेरे २०१८ सालचेच आहेत. ब्लूटूथला वीज फार थोडी लागते, त्यामुळे जोडणी सतत चालू ठेवता येते. मात्र त्याचा वेग वायफायच्या मानाने फारच कमी असतो. म्हणूनच स्नॅपब्रिज आपोआप जी प्रत पाठवते ती २ मेगापिक्सेलची, म्हणजे साधारण १६२० × १०८० बिंदूंची असते. मोबाइलच्या पडद्यावर ती सुरेख दिसते, परंतु मूळ छायाचित्र ६००० × ४००० बिंदूंचे असून ते कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावरच राहिलेले असते.

ड-५०१ : हे वाचून मला काळजी वाटू लागली आहे. आजींच्या वाढदिवसाला तेच छायाचित्र १२ × १८ इंचांच्या चौकटीत लावून द्यावे, असे आम्ही घरी ठरवले आहे. ग्रुपवरून उतरवून घेतलेली प्रत छापायला दिली तर चालणार नाही का?

क-२०१ : कृपया ती देऊ नका, काकू. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरतात. त्या हिशेबाने १६२० बिंदूंच्या प्रतीतून साडेपाच इंचांहून कमी लांबीचे चित्र नीट छापले जाईल. मूळ छायाचित्रातून मात्र २० इंचांपर्यंत जाता येते. शिवाय व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रत आणखी दाबली जाते. २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायातही ती मूळ स्वरूपात राहत नाही. मूळ फाइल पाठवायची असेल तर ती ‘दस्तऐवज’ म्हणून जोडावी. आजींच्या चेहऱ्यावर निरांजनाचा जो प्रकाश पडला आहे, त्यातील बारकावे या दुहेरी आकसण्यात सर्वांत आधी हरवतात आणि ते हरवू नयेत असे मला मनापासून वाटते.

ब-३०४ : विमान मोड चालू करून पाहिला आणि जोडणी पाऊण तास टिकली! चाळीस छायाचित्रे आली आहेत. ॲपमध्ये ‘मूळ आकार’ निवडला होता. उरलेल्या दीडशेहून अधिक छायाचित्रांनाही असाच वेळ लागेल का?

क-२०१ : लागेल. एक छायाचित्र ८ एमबीचे धरले तरी दोनशे छायाचित्रांचे १.६ जीबी होतात. दहा-पंधरा निवडक छायाचित्रे त्याच संध्याकाळी सर्वांना दाखवायची असतील तर बिनतारी मार्ग उत्तम. संपूर्ण कार्ड उतरवायचे असेल तर मी नेहमी कार्ड रीडरच, म्हणजे कार्ड घालून वाचण्याचे छोटे उपकरणच, वापरतो. तो मोबाइलच्या टाइप-सी खाचेत बसतो आणि एवढे काम काही मिनिटांत आटोपते. आयफोन १५ व त्यानंतरच्या फोनांनाही तोच चालतो. माझ्याकडे एक आहे. कार्ड काढण्यापूर्वी कॅमेरा बंद करावा आणि छायाचित्रे मोबाइलवर उघडून पाहिल्याशिवाय कार्डावरून काहीही पुसू नये.

अ-१०३ : आजींचे छायाचित्र कार्डावर सुरक्षित आहे, आताच कॅमेऱ्यात पाहिले. रीडर उपलब्ध असेल तर मी कार्ड घेऊन येतो.

क-२०१ : आज सायंकाळी सात वाजता घरी या. ताई, आपणही आपले कार्ड आणावे.

ड-५०१ : दादा, ती फाइल मला दस्तऐवज म्हणून पाठवा. छपाईवाल्यांना मी उद्या सकाळपर्यंत थांबायला सांगते.