लिंकनचे कागद २१ वर्षं कुलपात: रॉबर्टचं नेमकं चुकलं काय?

पोटमाळा (धागा):
अब्राहम लिंकनच्या थोरल्या मुलाच्या, रॉबर्टच्या नावानं इतिहासवाले अजून बोटं मोडतात. बापाची सगळी कागदपत्रं त्यानं १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नेऊन ठेवली, आणि १९२३ च्या दानपत्रात अट घातली की मी मेल्यावर २१ वर्षं कुणी हात लावायचा नाही. तो गेला २६ जुलै १९२६ ला. म्हणजे कुलूप निघायला २६ जुलै १९४७ उजाडला. उजाडला कसला, मध्यरात्रीचे बारा वाजल्यावर लगेच उघडलं. अभ्यासक ताटकळत बसलेले, त्यात सँडबर्गसारखा लिंकनचा नामांकित चरित्रकारही होता. अठरा हजारांवर कागद निघाले आणि त्यात खळबळजनक असं काहीही नव्हतं.

माझ्या मते पोरानं बरोबर केलं. बापाचा खून झाला तेव्हा हा २१ वर्षांचा. कागद आधी इलिनॉयला न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांच्याकडे गेले, मग वॉशिंग्टनला चरित्रकारांकडे, मग शिकागोला, आणि म्हातारपणी तर उन्हाळ्यात व्हरमाँटच्या हिल्डीनच्या घरी जाताना हा ट्रंका बरोबर नेई. लिंकनच्या सहीच्या चिठोऱ्यालाही तेव्हा गिऱ्हाईक होतं. सुटे सुटे विकले असते तर चार घरांत पांगले असते. आज ते एका जागी आहेत आणि घरबसल्या फुकट वाचता येतात, ते कुणामुळे?

खडूस ग्रंथपाल:
असहमत. 'कुणी हात लावायचा नाही' हे अर्धसत्य आहे, मालक. जॉन निकोले आणि जॉन हे ('हे' हे आडनाव), दोघंही लिंकनचे सेक्रेटरी, यांना रॉबर्टनं १८७४ पासून सगळं मोकळं करून दिलं होतं. अट एकच, मजकूर छापण्याआधी मला दाखवायचा. आजोबा थॉमस लिंकनबद्दलचा मजकूर त्यानं बदलायला लावलाच. १८९० मध्ये दहा खंड निघाले ते रॉबर्टलाच अर्पण. पुढे माजी सिनेटर अल्बर्ट बेव्हरिज लिंकनचं चरित्र लिहायला बसले, कागद बघू द्या म्हणाले, त्यांना मात्र नकार. घरच्या माणसांना दार उघडं आणि बाहेरच्याला कडी, याला जतन म्हणत नाहीत.

पोटमाळा:
ग्रंथपालसाहेब, हर्नडनला विसरलात. विल्यम हर्नडन, लिंकनचा वकिलीतला भागीदार. नोव्हेंबर १८६६ मध्ये, खुनाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, यानं भर सभेत भाषण ठोकलं की लिंकनचं खरं प्रेम एकटीवर, तरुणपणी वारलेल्या ॲन रटलेजवर, बायकोवर कधी नव्हतंच. ती बायको जिवंत होती! आईची अशी चव्हाट्यावर शोभा झाल्यावर कुठला मुलगा पेटी उघडी टाकेल? दुधानं तोंड पोळलं होतं त्याचं.

मृण्मयी, न्यू जर्सी:
आईचा एवढा कळवळा? पोटमाळा, मग १९ मे १८७५ काय होतं? शिकागोच्या कोर्टात याच मुलानं याच आईवर वेडाचा खटला भरला. ज्यूरीत बारा पुरुष. मुलानं स्वतः साक्ष दिली आणि त्याच दिवशी निकाल: वेडी. रवानगी बटेव्हियाच्या खासगी इस्पितळात. तिनं आतून पत्रं लिहिली, तिची मैत्रीण मायरा ब्रॅडवेल आणि मायराच्या नवऱ्यानं आरडाओरडा केला, तेव्हा काही महिन्यांत तिला बहिणीकडे स्प्रिंगफील्डला जाऊ दिलं. जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीनं तिला शहाणी ठरवलं.

आता कागदांकडे या. खटल्याची फाईल रॉबर्टनं वेगळी बांधून हिल्डीनला ठेवली. ती लायब्ररीत दिली नाही, २१ वर्षांच्या कुलपात तर नाहीच नाही. थेट १९७५ मध्ये सापडली. आणि आईनं ब्रॅडवेलबाईंना लिहिलेली पत्रं? रॉबर्टच्या मागे त्याच्या बायकोनं ती ब्रॅडवेलच्या नातीकडून विकत घेतली आणि नष्ट केली. मुलानं 'मी असं का केलं' याचा पुरावा नीट बांधून ठेवला, आणि आईनं 'मला का डांबलंय' म्हणून लिहिलेलं आगीत. कागद जपणारं घराणं म्हणे!

हरी पत्रे:
मृण्मयीताई, त्यात एक गंमत आहे. ज्या पत्रांना घरच्यांनी संपलेलं धरलं होतं त्यांच्या नकला २००५ मध्ये सापडल्या. कुठे? रॉबर्टच्याच वकिलाच्या घरच्यांकडे, ट्रंकेत. वकील लोक कागद फेकत नाहीत, पक्षकार काहीही सांगो.

मृण्मयी, न्यू जर्सी:
हो, पण ते नशीब. त्याचं श्रेय लिंकन मंडळींना नाही.

गोठलेला चहा:
मूळ प्रश्न कुणीच विचारत नाहीये. हे कागद रॉबर्टचे झालेच कसे? लष्कराच्या तारा, मंत्र्यांची पत्रं, गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा, ही बापजाद्यांची शेतजमीन आहे का सातबाऱ्यावर चढवायला? पण तेव्हाची पद्धतच तशी होती. पद सोडलं की अध्यक्ष गाठोडं घरी न्यायचा. वॉशिंग्टननंही माउंट व्हर्ननला नेलं होतं, आणि पुढे सरकारनं ते त्याच्या वारसांकडून पैसे मोजून घेतलं. अध्यक्षाचे कागद जनतेचे, हा कायदा झाला १९७८ मध्ये, तोही अध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेटच्या प्रतापानंतर. तेव्हा रॉबर्टला झोडपून काय उपयोग? तो कायद्यानं मालकच होता.

खडूस ग्रंथपाल:
मालक होता म्हणून शहाणा होता असं नाही. बंद पेटीचा तोटा बघा. १९३७ मध्ये एका लेखकानं खुनामागे युद्धमंत्री स्टँटन असावा असं सूचित करणारं पुस्तक काढलं. कागद कुलपात, मग शंकेला काय, ऊत! पेटीत नक्की काहीतरी असणार म्हणून लोक १९४७ पर्यंत बोलत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वाटसरू:
त्यानं बरेच कागद जाळले असंही वाचलंय. कोलंबिया विद्यापीठाच्या निकोलस बटलर यांनी वेळेवर हात धरला म्हणे.

हरी पत्रे:
बटलर यांच्या आठवणीत तो प्रसंग १९२३ चा आहे. कागद १९१९ पासून लायब्ररीत. मग हिल्डीनच्या शेकोटीत कोणते जळत होते? किरकोळ काही जाळलं असेलही, पण ती कथा जशीच्या तशी घेऊ नका.

पोटमाळा:
धन्यवाद हरीभाऊ. आता जे वाचलं त्यातला एकच कागद बघा. जुलै १८६३, यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई लिंकनच्या बाजूनं जिंकलीय, पण त्याच्याच जनरल मीडनं दक्षिणेच्या सेनापती ली ला नदीपलीकडे निसटू दिलं. लिंकन चिडून लांबलचक पत्र लिहितो: ली तुमच्या मुठीत होता, आता युद्ध किती लांबेल कुणास ठाऊक. मग ते घडी करून पाकिटात ठेवतो आणि पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहितो: जनरल मीड यांस, कधी धाडलं नाही, सही केली नाही. ज्याला लिहिलं त्याला कधी न मिळालेलं पत्र आपण वाचतो! बापानं दाबलेला रागसुद्धा मुलानं फेकला नाही. तुम्ही २१ वर्षं मोजत बसा.

आणि बेव्हरिज यांचा कढ आवरा. त्यांचं पुस्तक १८५८ पर्यंतच पोचलं, त्याआधी तेच वारले. या संग्रहात भरणा आहे अध्यक्षपदाच्या काळाचा. त्यांचं अडलं काय?

खडूस ग्रंथपाल:
भरणा कोणत्या काळाचा आहे हे बेव्हरिजना तेव्हा कोण सांगणार होतं? किल्ली ज्याच्या खिशात तोच ना? यादी तरी द्यायची होती. आत काय आहे एवढं सांगून वाचायला मनाई केली असती तर मी या धाग्यावर तुमच्या बाजूनं भांडलो असतो.