१९५८ च्या आउटबोर्ड बोटीला दोरी-कप्पीऐवजी केबल स्टिअरिंग बसवावे का?

तळ्याकाठचा

नमस्कार. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. गेल्या हिवाळ्यात एका निवृत्त गृहस्थांच्या गॅरेजमधून मी १४ फुटी ॲल्युमिनियमची एक जुनी बोट विकत घेतली. तिच्यावर १९५८ सालचे ३५ अश्वशक्तीचे एव्हिनरूड लार्क इंजिन आहे. ओले एव्हिनरूड यांनी आपले आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचे, इंजिन १९०९ मध्ये ज्या मिलवॉकीत बाजारात आणले, ते शहर माझ्या घरापासून तासाभरावर आहे, त्यामुळे या इंजिनाविषयी थोडी गाववाल्याची आपुलकीही वाटते. इंजिन सुरू होते आणि दोन्ही सिलिंडरांचा दाब चांगला आहे. अडचण फक्त स्टिअरिंगची आहे.

बोटीत मूळची दोरी-कप्पीची व्यवस्था आहे. चाकामागच्या ड्रमवर तारेची दोरी तीन-चार वेढे घेते, तिची दोन टोके बोटीच्या दोन्ही काठांनी मागे जातात, मागच्या कोपऱ्यांतील कप्प्यांवरून वळतात आणि इंजिनाच्या पुढे बसवलेल्या आडव्या पट्टीला स्प्रिंगच्या मध्यस्थीने जोडली जातात. दोरीवरचे प्लास्टिकचे आवरण जागोजागी तडकले असून त्या तडांतून गंजाचे तपकिरी डाग बाहेर आले आहेत. एक कप्पी साध्या स्क्रूंवर बसवलेली असून ती हाताने हलते.

या व्यवस्थेऐवजी आजची ढकल-ओढ केबल आणि नवा रोटरी हेल्म, म्हणजे चाकामागची केबल सरकवणारी फिरती यंत्रणा, बसवावा, असा माझा विचार आहे. मात्र आजच्या इंजिनांत केबलची दांडी ज्या आडव्या पोकळ नळीतून जाते, ती नळी माझ्या इंजिनाला नाही. शिवाय चाक मोटारीप्रमाणे डाव्या बाजूला आहे, आणि बहुतेक माहितीपत्रकांतील आकृत्या उजव्या बाजूचे चाक गृहीत धरून काढलेल्या आहेत. जुने पांढरे चाक मला टाकायचे नाही. या कामाचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनी_यंत्रे

काम करण्याजोगे आहे, परंतु आपण त्याकडे चाकाच्या बाजूने पाहत आहात. माझ्या अनुभवात या कामाचा निकाल इंजिनाच्या टोकाला लागतो. तेथील माप चुकले, तर पुढे कितीही महाग हेल्म बसवला तरी बोट नीट वळत नाही.

नळी नसलेल्या इंजिनासाठी ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या आडव्या भिंतीवर, बसणारा आधार मिळतो. त्यात केबलचे टोक एका फिरत्या खिळीवर धरले जाते आणि दांडीचे दुसरे टोक इंजिनाच्या पट्टीला जोडले जाते. आता गणित पाहा. प्रमाणित केबलची दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९ इंच सरकते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेचार इंच. दांडी पट्टीला जेथे धरते ते छिद्र इंजिनाच्या वळण्याच्या अक्षापासून ८ इंचांवर असेल, तर इंजिन प्रत्येक बाजूला सुमारे ३४ अंश वळते. तेच छिद्र १२ इंचांवर असेल, तर केवळ २२ अंश. दोरी-कप्पीसाठी बनवलेल्या जुन्या पट्ट्या बहुधा लांब असतात, कारण दोरीला सरकण्याची मर्यादा नसते आणि लांब पट्टीमुळे चाक हलके वाटते. त्यामुळे अनेक जण नवी केबल जुन्या छिद्राला जोडतात आणि मग धक्क्याला लागताना बोट वळत नाही म्हणून हेल्मला दोष देतात. आपण प्रथम हे अंतर मोजावे आणि मगच पैसे खर्च करावेत.

डाव्या बाजूच्या चाकाचा प्रश्न दिसतो तितका अवघड नाही. बोट उजवीकडे वळायची असेल, तर इंजिनाची पुढची पट्टी डावीकडे गेली पाहिजे. केबल उजव्या काठाने आली, तर तिने पट्टी ढकलली पाहिजे; डाव्या काठाने आली, तर ओढली पाहिजे. चाक उजवीकडे फिरवले की हेल्मच्या आतील चक्राचा वरचा भाग उजवीकडे आणि खालचा भाग डावीकडे जातो. म्हणून आपल्या बाबतीत केबल चक्राच्या वरच्या अंगाने डावीकडे बाहेर पडली, तर उजव्या वळणात ती आपोआप ओढली जाईल. खालच्या अंगाने काढली, तर चाक उजवीकडे आणि बोट डावीकडे, असा प्रकार होईल. हेल्म घेताना केबल दोन्ही अंगांनी काढता येते की नाही, एवढे विचारून घ्यावे.

केबलची लांबी अशी काढावी: चाकाच्या मध्यापासून काठापर्यंत, काठाने ट्रान्समपर्यंत आणि तेथून इंजिनाच्या मध्यापर्यंत, अशा तीन मापांची बेरीज करावी, काटकोनी वळणामागे ४ इंच वजा करावेत आणि पुढच्या पूर्ण फुटापर्यंत वाढवावे. इंजिनाच्या नळीतून जाणाऱ्या केबलसाठी ६ इंच वाढवतात. आपल्याला ते लागू नाही. निवडलेल्या आधाराच्या पत्रकात वेगळे माप दिले असेल, तर तेच प्रमाण मानावे. कोणतेही वळण ८ इंच त्रिज्येपेक्षा तंग होऊ देऊ नये, अन्यथा पहिल्याच दिवशी चाक जड लागेल.

जुन्या चाकाबाबत: आजच्या हेल्मचा दांडा साधारणपणे पाऊण इंची, टोकाकडे निमुळता आणि चावीचा, म्हणजे चाक घसरू नये म्हणून खाचेत धातूचा छोटा तुकडा बसणारा, असतो. जुन्या चाकाचे भोक बहुधा सरळ असते. चाकाचे भोक कोरून मोठे करण्याऐवजी लेथवाल्याकडून मधला जोड करून घ्यावा. चाक तसेच राहते आणि उद्या कोणाला जुनी व्यवस्था परत बसवायची असेल, तर तेही शक्य होते.

मूळरूप

वरील गणित बरोबर आहे, पण मूळ प्रश्नालाच माझी हरकत आहे. ही बोट ज्या काळात बनली, त्या काळात दोरी-कप्पी हीच सर्वसाधारण व्यवस्था होती, आणि ती नीट बसवलेली असेल तर ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला आजही पुरते. तिच्यातील भाग उघडे असल्यामुळे दोष डोळ्यांना दिसतात. ढकल-ओढ केबल आतून गंजत असेल, तर ती अडकेपर्यंत कळत नाही.

आपल्या बोटीतील दोष व्यवस्थेचा नसून देखभालीचा आहे. आवरणाची दोरी काढून टाकावी, कारण पाणी तडांतून आत शिरते आणि आवरण ते बाहेर पडू देत नाही. कप्प्या स्क्रूंवर नव्हे, तर आरपार बोल्टांवर, मागे पट्टी देऊन बसवाव्यात. आतील आधारासाठी प्लायवूड वापरणार असाल, तर तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले प्लायवूड ॲल्युमिनियमला लागू देऊ नये. ओलाव्यात ते पत्रा खाते. दोरीची टोके वाकवून साध्या क्लिपा लावण्याऐवजी दाबून बसवलेल्या नळ्या वापराव्यात. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग ठेवाव्यात, कारण इंजिन वळताना दोन बाजूंच्या दोऱ्यांची लांबी सारखी बदलत नाही आणि तो फरक स्प्रिंगच भरून काढते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. या व्यवस्थेत एका बाजूची कप्पी सुटली, तर दुसऱ्या बाजूचा ताण इंजिनाला क्षणात पूर्ण वळवतो. माझ्या मित्राच्या बोटीत असेच घडले. बोट जागीच गिरकी घेऊ लागली आणि तो काठावर आपटला. पाण्यात पडला नाही, हे त्याचे नशीब. म्हणून स्टिअरिंग कोणतेही असो, मनगटाला किंवा जॅकेटला बांधायच्या दोरीचा बंद-स्विच बसवावा. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारे यंत्र, असलेल्या इंजिनात ते सोपे आहे: दोरी सुटली की मॅग्नेटोची तार इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. २६ फुटांपेक्षा लहान बोटींत असा स्विच बसवलेला असल्यास वेगात जाताना तो वापरणे एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत बंधनकारकही आहे.

बंदरावरून

मी मालवणचा. आमच्याकडे इतकी जुनी इंजिने नाहीत, पण पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींवरच्या केबल मी बऱ्याच बदलल्या आहेत. आपले पाणी गोडे आहे, हे आपले भाग्य. खाऱ्या पाण्यात पावसाळ्याचे महिने बोट किनाऱ्यावर उभी राहिली की दांडी नळीत अशी बसते की हातोड्याशिवाय निघत नाही. विस्कॉन्सिनमध्येही बोट हिवाळाभर उभीच राहणार, म्हणून सांगतो.

ग्रीस भरण्यापूर्वी दांडी पूर्ण आत घ्यावी. दांडी बाहेर असताना ग्रीस भरले, तर आत कोंडलेले ग्रीस तिला परत येऊ देत नाही आणि माणसाला वाटते की केबल बिघडली. हंगाम संपल्यावर बाहेरची दांडी पुसून, जुने घट्ट झालेले ग्रीस काढून मगच नवे लावावे.

दुसरी गोष्ट इंजिन उचलण्याची. आधार ट्रान्समवर असल्यामुळे इंजिन वर उचलताना दांडीचा कोन बदलतो. बोट ट्रेलरवर असतानाच चाक पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे ठेवून, प्रत्येक वेळी इंजिन खाली आणि पूर्ण वर करून पाहावे. एखाद्या स्थितीत दांडी वाकत असेल किंवा ट्रान्समला घासत असेल, तर आधाराची जागा बदलावी, दांडीला घासून वाट करून देऊ नये. इंजिन फक्त पकडींच्या स्क्रूंवर टांगलेले असेल, तर आरपार बोल्टही घालून घ्या, कारण दांडीचा प्रत्येक ढकला शेवटी त्या पकडींवरच येतो.

तळ्याकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी मोजमाप केले. पट्टीवरचे छिद्र अक्षापासून ११ इंचांवर आहे, म्हणजे 'जुनी_यंत्रे' यांच्या हिशेबाने मला प्रत्येक बाजूला सुमारे २४ अंशच मिळाले असते, आणि ते मी नक्कीच हेल्मच्या माथी मारले असते. चाकाच्या मध्यापासून काठापर्यंत १६ इंच, काठाने १०४ इंच आणि कोपऱ्यापासून इंजिनाच्या मध्यापर्यंत ३० इंच, अशी एकूण १५० इंच लांबी आली. दोन वळणांचे ८ इंच वजा केल्यावर १४२ इंच, म्हणून १२ फुटी केबल घ्यावी लागेल, असे दिसते.

'मूळरूप' यांचे म्हणणे मला पटते, पण माझ्याबरोबर आठ वर्षांची मुलगी बोटीत असणार आहे आणि मागच्या कोपऱ्यात, त्या कप्पीला टेकूनच, बसायला तिला आवडते. त्यामुळे केबलच बसवेन. ड्रम, कप्प्या आणि स्प्रिंग चिठ्ठी लावून डब्यात ठेवेन. पट्टी ओतीव ॲल्युमिनियमची असून तिच्यात ८ इंचांवर नवे छिद्र पाडण्याची हिंमत होत नाही. त्याऐवजी काय करावे?

जुनी_यंत्रे

छिद्र पाडू नये, हे बरोबर. पट्टीच्या खाली पाव इंच जाडीची स्टेनलेस पट्टी पट्टीच्याच मूळ दोन बोल्टांनी अडकवावी आणि ८ इंचांवरचे छिद्र त्या पट्टीत पाडावे. दोन धातूंमध्ये नायलॉनचा पातळ तुकडा ठेवावा. जोडणीला स्वतः सैल न होणारा नायलॉनचा नटच वापरावा, साधा नट आणि स्प्रिंग वॉशर चालणार नाही. आणखी एक: इंजिनाच्या फिरत्या जोडावर घर्षण वाढवणारा स्क्रू असतो. हातदांड्याने चालवताना तो आवळून ठेवतात, म्हणजे हात सोडल्यावर इंजिन आपोआप वळत नाही. आपण तो सैल करावा, नाहीतर प्रत्येक वळणावर नवी केबल त्या स्क्रूशीच झगडत राहील. इंजिनाच्या टोकाचे काम झाल्यावर, चाक लावण्यापूर्वी, पट्टी हाताने दोन्ही बाजूंना फिरवून कोनमापीने मोजावी आणि येथे कळवावे.