क्रोन्सचं ऑपरेशन झालं, आता पुन्हा पोटाच्या डॉक्टरांकडे कशाला?

स्वाती, डोंबिवली
माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण येत राहणारा दीर्घकाळचा आजार. सुरुवातीला आतड्याचा टीबी समजून गोळ्या चालल्या, निदान नंतर झालं. एप्रिलमध्ये लहान आतड्याचं शेवटचं टोक काढून मोठ्या आतड्याला जोड दिला. आता जेवण जातंय, वजन भरतंय. सर्जन म्हणाले, गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवा. आई म्हणते, रोगट भाग गेला ना, मग आता कशाला? भाऊही तिच्याच बाजूचा. खरंच जायला हवं का?

नितीन, परळ
ताई, जायलाच हवं, आणि बरं वाटतंय तोवरच. माझं हेच ऑपरेशन २०१६ मध्ये झालंय. क्रोन्स कापून जात नाही. बहुतेक वेळा जोडापाशीच, जोडाच्या जरा वर, पुन्हा व्रण उठतात आणि पोट दुखू लागायच्या कितीतरी आधी उठतात. म्हणून सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात. रिपोर्टमध्ये 'रटगीर्ट्स' स्कोअर बघा, जोडापाशी आजार किती परतलाय ते तो सांगतो: आय-० म्हणजे काही नाही, आय-४ म्हणजे सर्वांत जास्त. मला काडीचा त्रास नव्हता, तरी आय-२ निघाला. अझाथायोप्रिनची गोळी चालू होतीच, वर अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं लागली; दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती आवरतात. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी होते, त्यामुळे त्या जुन्या गोळ्यांचे कागद टाकू नका.

ऑपरेशन नोट आणि बायोप्सीचा रिपोर्ट सर्जनकडून मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा नुसतं 'रिसेक्शन' (भाग कापून काढला) एवढंच असतं. किती सेंटिमीटर आतडं काढलं, हे नोटमध्ये सापडतं आणि डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

भाऊ सिगारेट ओढत असेल तर आजच बंद करायला लावा. आपल्या हातातल्या गोष्टींपैकी आजार उलटायला त्याच्याइतकं दुसरं काही हातभार लावत नाही. अंग दुखलं म्हणून मनाने ब्रुफेनही नको.

वैशाली, ठाणे
बी-१२ सुद्धा तपासा. ते शोषलं जातं लहान आतड्याच्या त्याच शेवटच्या टोकात, जे काढलंय. आणि जेवल्यावर पातळ जुलाब होत असतील तर दर वेळी आजारच उलटलाय असं नसतं, पित्तामुळेही होतात. त्याला वेगळं औषध आहे. खर्चाची काळजी असेल तर केईएममध्ये गॅस्ट्रोचा विभाग आहे. अ‍ॅडालिमुमॅब भारतीय कंपन्यांचंही मिळतं.

स्वाती
सिगारेट ओढतो, आईला माहीत नाही. जुलाबही होतात, आम्ही बाहेरच्या खाण्यावर ढकलत होतो. कोलोनोस्कोपीला वेळ आहे, तोवर काही करता येतं?

नितीन
शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते. आतड्याला सूज आहे का, याचा अंदाज येतो. पण ती कधी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. आधी अपॉइंटमेंट घ्या. आणि आत तुम्हीही जा, तो एकटा गेला तर 'बरा आहे' म्हणून परत येईल.